मूल ‘अत्यावश्यक’ नव्हतं

21 एप्रिल 2021 रोजी महाराष्ट्र सरकारने ‘ब्रेक द चेन’चा एक आदेश काढला. दुसरी लाट ऐन भरात होती, माणसं ऑक्सिजन आणि बेडसाठी वणवण करत होती. त्या धांदलीतही आदेश लिहिणाऱ्यांनी लग्नाचा विचार केला. एकच हॉल, दोन तास, जास्तीत जास्त 25 माणसं, आणि नियम मोडला तर 50 हजार रुपये दंड. खासगी गाडीने दुसऱ्या शहरात किंवा जिल्ह्यात जायचं असेल तर कोणती कारणं चालतील, तेही लिहिलं होतं. अत्यावश्यक सेवा, वैद्यकीय निकड, अंत्यविधी, घरातलं गंभीर आजारपण. याशिवाय निघालात तर 10 हजार दंड.

या यादीत एक माणूस नव्हता. ज्याचे आईबाप वेगळे राहतात, ज्याची आई नाशकात आणि बाप पुण्यात आहे, आणि ज्याला कोर्टाने महिन्यातले दोन शनिवार-रविवार बापाकडे जायला सांगितलंय, ते मूल.

एसटीने किंवा ट्रेनने आलेल्या प्रवाशाच्या हातावर 14 दिवसांच्या गृहविलगीकरणाचा शिक्का मारावा, असंही त्याच आदेशात होतं. म्हणजे शनिवारी आईला भेटायला गेलेली सहा वर्षांची मुलगी सोमवारी शाळेच्या ऑनलाइन तासाला हातावर शिक्का घेऊन बसणार, आणि पुढचा शनिवार विलगीकरणातच जाणार. अशी मुलगी कुणाच्या डोळ्यांसमोर असती तर निदान एक ओळ वेगळी लिहिली गेली असती. ती कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती.

माझं म्हणणं सरळ आहे. विभक्त आईबापांच्या मुलाने एका घरातून दुसऱ्या घरी जाणं ही साथीच्या काळातसुद्धा अत्यावश्यक गोष्ट आहे. औषधं आणि दुधाच्या रांगेत तिला जागा हवी. सरकारने ती दिली नाही, कोर्टांनी अर्धवट दिली, आणि बऱ्याच घरांनी सरकारच्या विसरभोळेपणाचा सोयीस्कर फायदा घेतला. पुढची साथ येईल तेव्हा हेच पुन्हा होईल, कारण आपण यातून काहीही लिहून ठेवलेलं नाही.

‘तेव्हा सगळेच अडकले होते’

हे वाक्य मला नेहमी ऐकवलं जातं. खरंच, सगळेच अडकले होते. पण सगळ्या देशांनी या मुलांना सारखंच अडकवलं नाही.

इंग्लंडमध्ये 23 मार्च 2020 च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मायकल गोव्ह हे मंत्री टीव्हीवर म्हणाले की विभक्त पालकांच्या मुलांनी घरं बदलू नयेत. गहजब झाला आणि त्यांना त्याच दिवशी शब्द मागे घ्यावे लागले. 18 वर्षांखालचं मूल आईच्या घरून बापाच्या घरी जाऊ शकतं, असं स्पष्ट करण्यात आलं. 26 मार्चला कायदेशीर नियम आले तेव्हा घराबाहेर पडण्याच्या मान्य कारणांमध्ये हे कारण स्वतंत्रपणे लिहिलेलं होतं. तिथल्या फॅमिली डिव्हिजनचे प्रमुख न्यायाधीश अँड्र्यू मॅकफार्लेन यांनीही मार्गदर्शन दिलं. आदेशातला शब्द पाळता येत नसेल तर त्याचा हेतू दुसऱ्या मार्गाने पाळा, असा त्याचा आशय होता. फ्रान्समध्ये घराबाहेर पडताना जो फॉर्म खिशात ठेवावा लागे, त्यात मुलांच्या देखभालीचा रकाना होता. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात 24 मार्च 2020 लाच एका न्यायाधीशांनी निकाल दिला, की निव्वळ कोविड आहे म्हणून मुलाच्या भेटी आपोआप बंद होत नाहीत. धोका आहे असं म्हणणाऱ्याने तो नेमका काय आहे ते दाखवावं.

या देशांचं सगळं छान चाललं होतं असं नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका न्यायाधीशांनी एप्रिल 2020 मध्ये इमर्जन्सी विभागात काम करणाऱ्या डॉक्टर आईकडून मुलीचा ताबा तात्पुरता काढून घेतला होता. कारण काय, तर ती रुग्णांमध्ये वावरते. वरच्या कोर्टाने त्याला स्थगिती दिली. म्हणजे एकीकडे आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजत होत्या आणि दुसरीकडे त्याच कामाची शिक्षा म्हणून एका आईचं मूल काढून घेतलं जात होतं. पण तिथे निदान भांडायला जागा होती. प्रश्न कागदावर आला, त्याला उत्तर मिळालं, चुकलेलं उत्तर दुरुस्तही झालं.

आपल्याकडे प्रश्नच कागदावर आला नाही. पहिल्या लाटेत ई-पास नावाची गोष्ट आली. सप्टेंबर 2020 च्या सुरुवातीला राज्यात ती रद्द झाली आणि एप्रिल 2021 मध्ये परत आली. मधल्या काळात दारूची दुकानं कधी उघडायची, सलून कधी, मंदिरं कधी, यावर चॅनेलवर रात्री-रात्री चर्चा झाल्या. त्यांना माझी हरकत नाही. दारूच्या दुकानांना संघटना आहे, सलूनवाल्यांना संघटना आहे, मंदिरांसाठी आंदोलन करणारे पक्ष आहेत. दर दुसऱ्या शनिवारी बॅग भरून उभ्या राहणाऱ्या मुलांना संघटना नसते.

एप्रिल 2020 मध्ये तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातली एक शिक्षिका आंध्रातल्या नेल्लोरला अडकलेल्या मुलाला आणायला स्कूटरवरून जाऊन-येऊन सुमारे 1400 किलोमीटर फिरली होती. तिच्या जिद्दीच्या बातम्या आपण कौतुकाने फॉरवर्ड केल्या. पण ती जाऊ शकली ती एका पोलिस अधिकाऱ्याने तिला पत्र लिहून दिलं म्हणून. अधिकारी चांगला निघाला. नसता निघाला, तर बातमीच झाली नसती. मुलाने आईकडे पोहोचणं हे अधिकाऱ्याच्या चांगुलपणावर का अवलंबून असावं?

जोडीला दिलेलं ‘ऐवजी’ झालं

आता कोर्टांकडे येऊ. जानेवारी 2020 मध्ये, म्हणजे साथ पोहोचण्याच्या आधीच, सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात एक चांगली गोष्ट सांगितली होती. मुलाला दोन्ही पालकांचं प्रेम मिळायला हवं, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला प्रत्यक्ष भेटींच्या जोडीला संपर्काचाही हक्क हवा. फोन आणि व्हिडिओ कॉल यात येतात. रोज पाच-दहा मिनिटं बोलायला मिळावं, असंही न्यायालय म्हणालं. हे विशेषतः वेगळ्या राज्यांत किंवा देशांत राहणाऱ्या पालकांसाठी होतं.

एप्रिल 2020 च्या अखेरीस लॉकडाऊनमधल्या भेटींचा प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयासमोर गेला. तेव्हा सांगितलं गेलं ते थोडक्यात असं, की पालकांनी आपसांत ठरवून प्रत्यक्ष भेटीऐवजी इलेक्ट्रॉनिक संपर्क ठेवावा, आणि कुणाचं जमत नसेल त्याने संबंधित फॅमिली कोर्टात जावं.

यातला ‘आपसांत ठरवून’ हा भाग पाहा. ज्यांचं आपसांत ठरतं ते मुळात कोर्टात कमी जातात. आणि फॅमिली कोर्ट तेव्हा काय स्थितीत होतं? कामकाज तातडीच्या प्रकरणांपुरतं. कोर्टातल्या ज्या खोल्यांमध्ये मुलं आणि पालक समुपदेशकाच्या नजरेखाली भेटतात, त्या बंद. तारीख म्हणजे पुढची तारीख. अशा वेळी ‘कोर्टात जा’ म्हणजे ‘थांबा’.

आणि अशा तऱ्हेने भेटीच्या जोडीला दिलेला व्हिडिओ कॉल भेटीऐवजी वापरला गेला. ताबा असलेल्या पालकाच्या हातात एक बिनतोड उत्तर आलं, ‘कॉल लावून देतोय ना!’

तुमच्यातले बरेच जण 2020 मध्ये सातवी-आठवीत असतील. स्क्रीनवरचे तास तुम्ही काढलेत. कॅमेरा बंद करून पडून राहणं, ‘मॅम, आवाज येत नाही’ म्हणणं, सगळं तुम्हाला ठाऊक आहे. जो मुलगा गणिताच्या तासाला स्क्रीनसमोर टिकत नव्हता, त्याने त्याच स्क्रीनवर बापाशी नातं टिकवावं ही अपेक्षा होती. आणि तीन वर्षांच्या मुलाचं काय? ते दोन मिनिटांत फोन उलटा धरतं, बटण दाबून कॉल कापतं आणि खेळायला पळतं. पलीकडचा माणूस छताचा पंखा बघत बसतो. त्यात अलीकडच्या घरात कुणीतरी शेजारी बसून ऐकत असतं. ‘सांग ना, तू जेवलास का’ असं पढवलेलं संभाषण चालतं. आईविषयी बापाला काही सांगायचं किंवा बापाविषयी आईला, तर मूल आधी शेजारी बघतं.

मुंबईतल्या प्राथमिक शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या त्या डिसेंबर 2021 पर्यंत. मधे दोन मे महिने गेले. कोर्टाच्या आदेशांत उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी वाटून दिलेली असते, कारण वर्षातला सलग सहवास मिळतो तो तेवढाच. दोन वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे अर्धं आयुष्य. तेवढ्या काळात ते चालायला लागतं, बोलायला लागतं, आणि एखादा चेहरा विसरायलाही त्याला तेवढा काळ पुरतो.

सुरक्षिततेच्या नावाखाली

‘पण रोग पसरला असता त्याचं काय?’ हा प्रश्न प्रामाणिक असू शकतो. घरात ऐंशीची आजी असेल, कुणाचं डायलिसिस चालू असेल, एक पालक कोविड वॉर्डात नर्स असेल, तर भीती खोटी नसते. माझं भांडण त्या भीतीशी नाही.

पण खरी भीती उपाय शोधते. दर आठवड्याला ये-जा नको, तर मूल सलग तीन आठवडे इकडे आणि तीन आठवडे तिकडे राहू शकतं. दोन घरं मिळून एक बंद साखळी करता येते. आजीची खोली वेगळी ठेवता येते. खोटी भीती फक्त एकच उपाय सुचवते, ‘सगळं ठीक झालं की बघू.’ ते ठीक कधी होणार हे ठरवायचा हक्क ती स्वतःकडे ठेवते. त्याच घरात कामवाल्या मावशी जूनपासून यायला लागल्या, मामाच्या मुलाचं बारसं झालं, सोसायटीच्या गच्चीवर वाढदिवस झाले. विषाणू फक्त दुसऱ्या पालकाच्या दारातून येणार होता, असं काहीसं गणित होतं.

उलट बाजूही तेवढीच खरी. ‘पगार कापलाय’ म्हणत पोटगी थांबवणारे पालक होते. काहींचे पगार खरंच कापले होते, काहींनी फक्त म्हटलं. मग ‘पैसे नाहीत तर भेट नाही’ आणि ‘भेट नाही तर पैसे नाहीत’ अशी घासाघीस सुरू झाली. पोटगी आणि भेट हे मुलाचे दोन वेगळे हक्क आहेत. एकासाठी दुसरा तारण ठेवायला तो फ्लॅट नव्हे.

हा लेख बापांच्या बाजूचा आहे असं कुणाला वाटेल, म्हणून सांगतो. आपल्याकडे ‘नवऱ्यांवरचा अन्याय’ सांगणाऱ्यांनी हा विषय आपल्या मालकीचा करून टाकलाय. पण सासरच्यांनी मूल ठेवून घेतलं आणि बाईला माहेरी पाठवलं, अशा आया लॉकडाऊनमध्ये तितक्याच असहाय होत्या. किंबहुना जास्त, कारण त्यांच्याकडे ना गाडी, ना वकिलाचे पैसे, ना अनेकदा स्वतःचा स्मार्टफोन. आणि जिथे मारहाण आहे, मुलाच्या जिवाला किंवा मनाला धोका आहे, तिथे मी भेटीचा आग्रह धरणार नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 21 मध्ये दंडाधिकाऱ्याला मुलाचा तात्पुरता ताबा देण्याचा आणि घातक असेल तर भेट नाकारण्याचाही अधिकार आहे. तो वापरावा. पण हिंसा आहे म्हणून भेट नाकारणं आणि साथ आहे म्हणून भेट गिळून टाकणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दुसरी गोष्ट पहिलीचा मुखवटा घालून फिरते, तेव्हा खऱ्या पीडितेवरचाच विश्वास कमी होतो.

‘ताबा’ हा शब्द

आपण मुलासाठी कोणता शब्द वापरतो ते एकदा मोठ्याने म्हणून बघा. ताबा. बिल्डर फ्लॅटचा ताबा देतो, पोलिस आरोपीला ताब्यात घेतात, भाऊबंद जमिनीच्या ताब्यावरून भांडतात. ज्याच्याकडे ताबा तो मालक, दुसरा पाहुणा. संकट आलं की मालक दार बंद करतो आणि पाहुण्याला ‘नंतर या’ म्हणतो. लॉकडाऊनमध्ये नेमकं हेच झालं, आणि कुणाला त्यात विशेष वावगं वाटलं नाही, कारण भाषेनेच आधी ते मान्य केलं होतं.

इंग्लंडने 1989 च्या कायद्यात ‘कस्टडी’ची भाषा सोडली. आपल्याकडे विधी आयोगाने मे 2015 मध्ये 257 वा अहवाल दिला आणि संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात आणावी असं सुचवलं. तो अहवाल पडून आहे. मूळ पालक आणि पाल्य कायदा 1890 चा. 1956 चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा अजूनही नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाचं नाव घेतो, मग आईचं, आणि पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईकडे असावं म्हणतो. दोन घरं असलेल्या मुलाची कल्पनाच या कायद्यांना नीट करता येत नाही. मग ई-पासच्या फॉर्मला कुठून येणार?

पुढची साथ

कुणी म्हणेल, कोविड संपला, आता हे उकरून काय उपयोग? 2009 च्या ऑगस्टमध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि शहरातल्या शाळा बंद झाल्या. जानेवारी 2025 मध्ये पुण्यातच सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड आणि किरकटवाडीच्या भागात, जीबीएसचे रुग्ण वाढले आणि संशय पाण्यावर गेला. समजा बाप किरकटवाडीत राहतो आणि आई कोथरूडला. ‘या शनिवारी नको, तुमच्याकडचं पाणी खराब आहे’ हे वाक्य बरोबर आहे की नाही? त्या शनिवारी कदाचित बरोबर आहे. मग बापाने मुलाला घेऊन दोन दिवस बहिणीकडे राहावं का? गेलेला शनिवार पुढे भरून मिळेल का? हे कोण ठरवणार? अशा छोट्या साथी येतच राहणार आहेत आणि त्यासाठी देशभर लॉकडाऊन लागायची गरज नाही.

सरकारकडून मला एक ओळ हवी आहे. पुढच्या कुठल्याही संचारबंदीच्या आदेशात प्रवासाच्या मान्य कारणांमध्ये ‘विभक्त पालकांच्या अपत्याची ने-आण’ असं लिहा. पुरावा म्हणून कोर्टाच्या आदेशाची किंवा करारनाम्याची मोबाइलवरची प्रत चालेल असं लिहा. याला निधी लागत नाही.

पण त्या ओळीची वाट बघत बसू नये. परस्परसंमतीच्या घटस्फोटात कन्सेंट टर्म्स लिहिल्या जातात. त्यात सोनं, भांडी, गाडी, जॉइंट खातं, सगळं येतं. साथ येत नाही. वकिलाला सांगून ती आणा. भांडण ताजं नसताना ठरवलेल्या गोष्टी भांडणाच्या वेळी उपयोगी पडतात.

काय लिहावं? संकट कधी सुरू झालं हे जिल्हा प्रशासनाच्या किंवा महापालिकेच्या आदेशाने ठरेल, व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डने नाही. आठवड्याच्या भेटी जमल्या नाहीत तर त्या सलग मोठ्या मुक्कामात बदलतील. मूल कुठे, कोण, कोणत्या गाडीने नेऊन सोडेल ते ठरलेलं असेल. कुठल्याही घरात कुणी आजारी पडलं तर दुसऱ्या घराला त्याच दिवशी कळवलं जाईल, आणि त्या माहितीचा कोर्टात हत्यार म्हणून वापर होणार नाही. कॉल रोज ठरल्या वेळी होईल, मूल खोलीत एकटं असेल आणि तो कॉल भेट म्हणून मोजला जाणार नाही. बुडालेल्या दिवसांची नोंद राहील आणि ते पुढच्या सुट्टीत भरून दिले जातील. मुलाच्या आधार कार्डाची, लसीकरणाच्या कार्डाची आणि औषधांच्या फाइलची प्रत दोन्ही घरांत असेल. लस द्यायची की नाही यावर मतभेद झाला तर मुलाच्या नेहमीच्या डॉक्टरांचा सल्ला शेवटचा. आणि तात्पुरती व्यवस्था कोणत्या तारखेला आपोआप संपेल, तेही लिहा. आपल्याकडे तात्पुरतं म्हणून सुरू झालेलं फार टिकतं.

एक कलम सगळ्यांत वर हवं. ज्याच्याकडे मूल आहे तो पालक स्वतः दवाखान्यात दाखल झाला, तर मूल आधी दुसऱ्या पालकाकडे जाईल. मामाकडे नाही, काकाकडे नाही, सोसायटीतल्या काकूंकडे नाही. आई आयसीयूत असताना मुलाला बाप आहे हे आठवून द्यायला कुणाला वकील लावावा लागू नये.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी स्वतः असं मूल असेल. 2020 मध्ये तुम्हाला कुणी विचारलं नसेल की तुला जायचंय का. तुम्हाला ‘समजूतदार’ म्हटलं गेलं असेल, कारण तुम्ही हट्ट केला नाही. हट्ट करायला हवा होता असं मी म्हणणार नाही. तो मोठ्यांनी तुमच्या वतीने करायचा होता, कलेक्टर कचेरीत, कोर्टात आणि एकमेकांसमोरही. आता तुम्ही मोठे झालात. तुमच्या ओळखीत कुणाचा घटस्फोट चालू असेल आणि मूल लहान असेल, तर त्यांना एवढंच विचारा: कागदांत साथीचं काही लिहिलंय का? नसेल तर पुढची तारीख पडायच्या आत लिहून घ्या.